रविवार संध्याकाळ, चार अंश

प्रिय ठमे,

आधी एक सांगून टाकते, घरात सगळे धडधाकट आहेत. तुझे बाबा समोर बसून चष्मा शोधतायत, तो त्यांच्या डोक्यावरच आहे आणि मी मुद्दाम सांगत नाहीये. एवढी गंमत अजून सुचते आहे, यावरून माझं डोकं ठिकाणावर आहे असं समज. बाकी जीव टांगणीला लागलाय. शुक्रवारी फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीस, म्हणून हाताने लिहायला बसले आहे. लिहून झालं की पानांचे फोटो काढून पाठवते. पत्राला मध्येच ‘आई, थांब, ऐक ना’ म्हणता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा. अक्षर गिचमिड दिसलं तर टेबलाचा एक पाय लंगडा आहे म्हणून.

परवा मंगळवारी तुमच्या ऑफिसचे पाहुणे येणार. तुझ्या मोठ्या बाई, तो यंत्रांचा इंजिनिअर आणि आणखी एक कुणीतरी. सव्वीस दवाखान्यांची भागीदारी पुढे चालू ठेवायची की नाही, ते आमचा दवाखाना बघून ठरवणार. असा मान आम्हांला कशाला मिळाला, ते तुला ठाऊक आहे. दवाखाना रंगवून झालाय. दारावरची पाटीही पुसली. एका देशाची लस, दुसऱ्याचा फ्रीज, तिसऱ्याचं ते तापमान टिपणारं छोटं यंत्र आणि आपल्या सरकारच्या भिंती. चार चिन्हं एका पाटीवर, आणि त्याच दाराची कडी नऊ वर्षं लागत नाही, ती अजूनही लागत नाही. मावशी खुर्ची टेकवून दार लावतात. मावशी म्हणजे आमच्या झाडलोटीच्या मावशी गं, तू आलीस की तुझ्या गालावरून हात फिरवून ‘किती वाळलीस’ म्हणतात त्या.

तो फ्रीज आल्यापासून त्याच्या तक्त्यावर मी सकाळ-संध्याकाळ आकडा लिहिते. लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. तुझी दहावीची परीक्षा होती तेव्हा लिहिला, तुझ्या बाबांचं ऑपरेशन होतं त्या दिवशी दोन वेळा रिक्षा करून जाऊन लिहिला. नऊ वर्षांत एक चौकोन रिकामा नाही. तू शाळेत असताना त्याला ‘आईची रांगोळी’ म्हणायचीस. मग मोठी झालीस, तिकडे नोकरीला लागलीस आणि माझ्या तक्त्याचा फोटो तुमच्या अहवालाच्या पहिल्याच पानावर छापलास. खाली लिहिलंस की इतकी शिस्त असेल तर भागीदारी वाया जात नाही. ते पान मी फ्रीजशेजारी चिकटवून ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. मिरवले मी, कशाला नाही म्हणू?

आता आठ दिवसांपूर्वीच्या शनिवारचं ऐक. तुझी सुट्टी संपली आणि तुला विमानतळापर्यंत सोडायला मी येणार होते. जायला आठ तास, यायला आठ तास, रविवारी आत्याकडे मुक्काम. धाकटी नर्स बाळंतपणाच्या रजेवर. शनिवार संध्याकाळ, रविवार सकाळ, रविवार संध्याकाळ, असे तीन चौकोन रिकामे राहणार होते. मावशींना आकडे वाचता येत नाहीत, आणि डॉक्टर फक्त बुधवारी नि शुक्रवारी येतात. शेजारच्या शाळेतल्या मास्तरांना सांगता आलं असतं, पण मला कुणाचे उपकार नकोत हा माझा जुना आजार. मी पेन काढलं आणि तिन्ही चौकोन आधीच भरून टाकले. ठमे, नऊ वर्षं तो काटा चारवरच असतो. रोज तेच लिहायचं, मग आज काय नि उद्या काय, असं मनाला समजावलं. आणि खरी लाज वाटण्याची गोष्ट पुढेच आहे. तीन वेळा चार लिहिलं तर संशय येईल म्हणून रविवारी सकाळच्या चौकोनात साडेचार लिहिलं. खोटं बोलणाऱ्याला इतकं सुचतं, हे मला या वयात कळलं.

इकडे शनिवारी दुपारी वीज गेली ती चार तास आली नाही. उकाडा असा की पत्र्याला हात लावला तर चटका बसावा. मावशींना चैन पडेना, बिचाऱ्या दवाखान्यात आल्या. फ्रीज उघडून बघितला तर त्यांना तो पुरेसा गार लागला नाही. (चार तासांनी त्याला काही होत नाही, पण ते त्यांना मी कधी सांगितलंच नव्हतं.) वीज आल्यावर त्यांनी थंडीची कळ पार शेवटपर्यंत फिरवली. पोरांचं औषध नासायला नको, जितकं गार तितकं चांगलं, इतका साधा हिशेब. रविवारी दुपारी येऊन बघितलं तर आत बर्फ साचलेला. त्यांना बरं वाटलं. संध्याकाळी मात्र मी रागावेन या भीतीने बर्फ पुसला, कळ होती तिथे आणून ठेवली आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. करायला गेल्या एक. उन्हाने लस बिघडते हे सगळ्या जगाला ठाऊक असतं. काही लसी गोठल्या तरी कायमच्या वाया जातात, हे आम्हां नर्सबायकांनाच ठाऊक, आणि आम्ही ते आपल्यातच ठेवतो.

सोमवारी सकाळी मी बसमधून उतरले ती थेट दवाखान्यात. बायका उभ्या होत्या, पोरं रडत होती. फ्रीजच्या दारावरचा काटा बघितला, चार. यावेळी खराखुरा चार. आत डब्यांच्या मागे ते छोटं यंत्र असतं, ते रोज सकाळी काढून बघायचं हा नियम. बघितलं नाही. तुला सोडून आले होते, डोळे चुरचुरत होते, काटा ठीक होता. त्या दिवशी सदतीस बाळांना टोचलं. ते यंत्र हातात आलं गुरुवारी, पाहुण्यांसाठी फ्रीज लख्ख करताना. त्याच्या पडद्यावर फुली होती. कळ दाबली तर रविवारी नऊ तास उणे तीन. मी परत परत कळ दाबत राहिले. मावशींनी पाणी आणलं, माझं तोंड बघितलं आणि मी काही विचारायच्या आधीच रडायला लागल्या.

तरी वेडी आशा असते बघ. लस खरंच गोठली होती का, हे बघायची आमची एक साधी रीत आहे. त्याच खोक्यातली एक कुपी मुद्दाम गोठवायची, मग वितळवायची. ती आणि संशयाची कुपी, दोन्ही एका हातात धरून हलवायच्या आणि शेजारी शेजारी ठेवून बघत बसायचं. चांगली लस बराच वेळ दुधासारखी गढूळ राहते. मेलेली खाली बसते. शुक्रवारी सकाळी मी दोन्ही खिडकीत ठेवल्या आणि समोर स्टूल घेऊन बसले. अर्ध्या तासात दोन्हींत वर निव्वळ पाणी नि तळाशी पांढरा गाळ. कुठली मी गोठवली नि कुठली आपोआप, ते चिठ्ठी लावली नसती तर मलाही सांगता आलं नसतं. सदतीस बाळांच्या मांडीत मी पाणी टोचलं होतं, ठमे. अपाय काही नाही, डॉक्टरांना लगेच विचारलं, परत टोचलं तरी चालतं म्हणाले. पण घटसर्प आला, डांग्या खोकला आला, तर त्या बाळांच्या अंगात अडवायला पुरेसं बळ नाही. आणि त्यांच्या आयांना वाटतंय, आहे.

मग तुला फोन केला. मला वाटलं होतं तू रागावशील. तू भराभर बोलायला लागलीस, लहानपणी काचेचं काही फोडलंस की बोलायचीस तशी. यंत्राची बॅटरी गेली होती असं लिही. तक्ता आहे तसा राहू दे, त्यात चारच आहे ना. बाळांना ‘जादा डोस’ म्हणून गुपचूप परत बोलाव. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तू जे पुढे म्हणालीस ते मला खोडता आलं नाही. तिकडे आधीच काही लोक म्हणतायत की या गरीब देशांतल्या दवाखान्यांना कितीही द्या, कागदावर सगळं छान आणि आत सगळं पोकळ. त्यांच्या हातात आपण कोलीत द्यायचं का? सव्वीस दवाखाने बंद पडले तर सदतीस नाही, हजारो बाळं उघडी पडतील. आई, तुझ्या मनाच्या समाधानासाठी त्यांनी भोगायचं का? असं विचारलंस तू. फोन ठेवल्यावर मी तुझंच ऐकलं. बॅटरी गेल्याचं कोऱ्या कागदावर लिहिलंसुद्धा. अक्षर मात्र सुंदर आलं होतं.

काल, शनिवारी सकाळपासून घरोघर निघाले. जादा डोस आलाय, उद्या बाळाला घेऊन या. ज्यांच्या घरी बरं चाललंय त्या लगेच हो म्हणाल्या. नवीन इमारतीच्या मागच्या पत्र्यांच्या खोल्यांत गेले तेव्हा खरी गंमत कळली. तिथे एक बाई आहे, विटा वाहते, जुळ्यांची आई. तिच्या जिभेला हाड नाही, सगळी चाळ तिला वचकून असते. ती म्हणाली, बाई, सोमवारी आले तर दिवसाची मजुरी बुडाली. जादाचं ज्यांना परवडतं त्यांना द्या, आमच्या पोरांना मुद्दलातलं मिळालं तेवढं बास. शेजारच्या दोघीही मान हलवत होत्या. तुमच्या अहवालात ‘गरिबी आणि आरोग्य यांचा संबंध’ असं एक प्रकरण आहे ना? ते तिथे उंबऱ्यात उभं होतं, कमरेवर एक पोर नि पाठीला एक. मी मनात हिशेब केला. आमच्या सदतिसांतली एकोणीस बाळं याच खोल्यांतली. ‘जादा’ म्हटलं तर ही एकोणीस येणार नाहीत. आणि रोगाची साथ आली की ती पहिल्यांदा याच पत्र्यांखाली येते.

म्हणून सांगून टाकलं. धीर वगैरे नव्हता, दुसरा मार्गच उरला नव्हता. म्हटलं, सोमवारी दिलेली लस खराब होती, माझ्या चुकीने खराब झाली, बाळांना तिचा उपयोग नाही. मग जे ऐकलं ते तुला लिहून कळवत नाही, बाबा वाचतील. सगळी चाळ बाहेर आली. माझ्या पांढऱ्या साडीपासून माझ्या सात पिढ्यांपर्यंत काही सुटलं नाही. मी मान खाली घालून उभी. शेवटी ती दमली, आणि म्हणाली, उद्या रविवार आहे, काम नाही, सकाळी आठला येते, आणि या वेळी बाटली मला आधी दाखवायची. तेवढ्यावर संपलं. मी घरी न जाता मुख्य साठ्याच्या साहेबांना फोन केला. नवी लस मागायची तर कारण द्यायला हवं, तेही खरंच दिलं. ते म्हणाले, पहाटे गाडी पाठवतो, आणि लेखी माझ्याकडे यायला हवं. बाबांना सांगितलं तर म्हणतात, जन्मभर लोकांना टोचलंस, आता एक तुलाही. मला हसू यायला नको होतं, पण आलं.

आज सकाळी आठला दार उघडलं तर जुळ्यांची आई पहिली. तिने कुपी हातात घेतली, उजेडात धरली, खळखळ हलवली, हातात धरून बराच वेळ बघत राहिली. गढूळ. गढूळच राहिली. मग म्हणाली, टोच. मागच्या बाईनेही हलवून बघितली, तिच्या मागचीनेही. आपल्या कुपीतून पाणी निघतं की काय, असं प्रत्येकीच्या डोळ्यात. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. मावशी दारात खुर्चीवर बसून येणाऱ्या प्रत्येकीला स्वतःहून सांगत होत्या, कळ मी फिरवली, बाईंचा दोष नाही. दोष कुणाचा ते मी लेखी दिलंय, त्यांचं नाव त्यात नाही. त्यांना कधी शिकवलंच नाही, एवढं माझ्याच नावावर लिहिलंय. दुपारी एकपर्यंत छत्तीस झाली. मी तीन वेळा मोजली. छत्तीसच.

सदतिसावी मुंगी. खरं नाव काही का असेना, तिची आई तिला मुंगीच म्हणते, जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून. तिच्या वजनासाठी मी जिवाचं किती रान केलंय ते मला माहीत. दर आठवड्याला काटा थोडा सरकला की आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायचो. मंगळवारी ठेकेदार त्या लोकांना सरहद्दीपलीकडे घेऊन गेला, मोठ्या धरणाच्या कामावर. फोन लागत नाही. आणि ठमे, तिकडे घटसर्पाचे रुग्ण सापडल्याचं पत्रक तुझ्याच ऑफिसने मागच्या महिन्यात काढलंय, खाली तुझंच नाव आहे. कालपासून ते पत्रक माझ्या पर्समध्ये आहे, दिवसातून दहादा उघडते. पाहुणे काय म्हणतील, माझी नोकरी राहील का, याची धास्ती आहेच, खोटं कशाला बोलू. पण रात्री उठून पुन्हा पुन्हा फोन लावते तो मुंगीच्या आईला.

फोनवर तू एकदाही विचारलं नाहीस की, आई, तू इथे नव्हतीस, तर मग तो चार लिहिला कुणी? त्या शनिवारी मी पेन काढलं तेव्हा तू बॅग घेऊन दारात उभी होतीस, गाडी चुकेल म्हणत होतीस. तू बघितलंस, हो ना? म्हणूनच इतकं भराभर बोलत होतीस. त्याचा मला राग नाही. मी गाडी पकडायची म्हणून लिहिलं, तू मला वाचवायचं म्हणून बोललीस, दोघी एकाच माळेचे मणी. मंगळवारी तक्ता नि कबुली मी माझ्या हाताने तुझ्या बाईंना देणार आहे. त्यात तुझा फोन नाही, आणि हे पत्र वाचून झालं की पुसून टाक. पण हे सांगायला मी पत्र लिहिलेलं नाही. सरहद्दीपलीकडच्या सगळ्या दवाखान्यांची यादी तुझ्याकडे आहे, इथल्या कुणाकडेच नाही. आजच्या आज त्यांना कळव की धरणावरच्या वस्तीत साडेचार महिन्यांची मुलगी शोधा, डाव्या कानामागे तीळ आहे, आई उजव्या पायाने किंचित लंगडते. आणि कारण पूर्ण लिही, लस गोठली होती, कुठे नि कुणाच्या हातून ते सगळं. अर्धवट लिहिलंस तर उपयोग नाही गं. तिथली नर्स आधी कार्ड बघणार, आणि मुंगीच्या कार्डावर तिसरा डोस दिल्याची खूण आहे, तारीख आहे, सही आहे. नर्स म्हणेल, हिचं सगळं झालंय, घेऊन जा. ती सही माझी आहे, आणि तिच्यावर विश्वास ठेवू नका, हे त्यांना आता तूच सांगायचं आहेस.

तुझीच,
आई